मंडळाच्या देखाव्यात युद्धात सापडलेली माणसं, आणि चपलांचा प्रश्न

मुगभाटकर | ११ जुलै २०२५, रात्री १०:५२

मंडळी, सल्ला हवाय.

आमचं गिरगावातल्या एका वाडीचं छोटं मंडळ. मोठ्या मंडळांचा नुसत्या फुलांचा जेवढा खर्च, तेवढ्यात आमचे दहा दिवस निघतात. यंदा देखावा ‘तरुण पिढी’कडे सोपवलाय, म्हणजे माझ्याकडे (वय ४६). मे महिन्यात भोंगे वाजवून मॉक ड्रिल झालं तेव्हापासून डोक्यात होतं, की युद्धात सापडणाऱ्या साध्या माणसांवर काहीतरी करावं. रणगाडे, विमानं, जवान यांचे देखावे दर वर्षी चार तरी दिसतात. ज्याच्या पत्र्यावर गोळा पडतो तो कुठेच नसतो.

शोधताना भूसुरुंगबंदीच्या मोहिमेबद्दल वाचलं. १९९२ मध्ये सहा संस्था एकत्र आल्या आणि डिसेंबर १९९७ मध्ये ओटावाला १२२ देशांनी बंदीच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी त्या मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. या मोहिमेतल्या एका संस्थेने १९९५ पासून पॅरिसमध्ये बूट-चपलांचे मोठाले ढीग रचले. येणारा-जाणारा त्यावर आपला जुना जोड टाकायचा. सुरुंगाने पाय गेलेल्याला जोडातला एक बूट कायमचा बिनकामाचा होतो, एवढंच त्यातून सांगायचं.

मीटिंगमध्ये मी हा ढीग सुचवला. सेक्रेटरीकाका म्हणाले, “गणपतीसमोर चपला? डोकं ठिकाणावर आहे ना?” खजिनदार म्हणाले, “असल्या मोहिमांनी आजवर काय झालंय? मारणारे मारतातच.”

काकांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. खजिनदारांसाठी तुमच्याकडे काही असलं तर द्या.

कैरी | ११ जुलै, रात्री ११:०३

मी पयली!
चपला?? बाप्पासमोर?? काका बरोबर आहेत. पॉपकॉर्न घेऊन बसते.

आडवाटेचा | ११ जुलै, रात्री ११:२०

खजिनदारांना अनुमोदन.

अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांपैकी एकानेही त्या करारावर सही केलेली नाही. म्हणजे ज्यांच्याकडे सुरुंगांचे डोंगर आहेत ते बाहेर, आणि ज्यांना पेरायचेच नव्हते ते आत. आता तर आतलेही निघालेत. लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया यांनी गेल्याच महिन्यात माघारीची पत्रं दिली, फिनलंडने कालपरवा दिलं, पोलंडही त्याच वाटेवर. रशिया शेजारी असला की चपलांचे ढीग आठवत नाहीत. लिथुआनिया तर मार्चमध्ये क्लस्टर बॉम्बच्या (एकातून ढीगभर छोटे बॉम्ब विखुरणारा) बंदीच्या करारातूनही बाहेर पडला. असं करणारा तो पहिलाच देश.

देखावा करा, पण ‘मोहिमेने जग बदललं’ असली पाटी लावू नका. हलके घ्या.

सुरनळी | ११ जुलै, रात्री ११:४१

आडवाटेचा, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, पण हिशेबाची एकच बाजू दाखवताय.

करारातल्या देशांनी मिळून साडेपाच कोटींहून जास्त सुरुंग नष्ट केलेत. ते गोदामात पडून राहिले असते तर कुठल्या ना कुठल्या युद्धात बाहेर पडलेच असते. दुसरं, सही न केलेल्यांवरही अशा करारांची सावली पडते. क्लस्टर बॉम्बचा करार २००८ चा, अमेरिका त्यात नाही. तरी तिथल्या टेक्स्ट्रॉन कंपनीने २०१६ मध्ये ते बॉम्ब बनवणं बंद केलं. तोवर हा माल इतका बदनाम झाला होता की युरोपातले बरेच गुंतवणूकदार असल्या कंपन्यांना हात लावेनात. ही बदनामी आपोआप झाली नाही, ती या मोहिमवाल्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने केली.

हो, २०२३ मध्ये अमेरिकेने क्लस्टर बॉम्ब साठ्यातून काढून युक्रेनला दिले. ते तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

जाता जाता, इतक्या देशांतल्या इतक्या संस्थांची आघाडी टिकली कशी, हा खरा नोबेलचा विषय आहे.

पेणकर | ११ जुलै, रात्री ११:४४

आघाडी टिकली?? महाराष्ट्रात कुणाला सांगू नका, विश्वास नाही बसणार. कोण कुठल्या हॉटेलात होतं?

कैरी | ११ जुलै, रात्री ११:४६

खिक्क!

संपादक | १२ जुलै, सकाळी ७:१५

पेणकर यांच्यानंतरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. राज्यातल्या पक्षांसाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत.

निवृत्त_सॅपर | १२ जुलै, सकाळी ८:३०

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला. सुरुंग पेरलेले आहेत आणि काढलेलेही आहेत, म्हणून लिहितो.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. पश्चिम सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. मी राजस्थानात होतो. पेरण्याला वेळ लागत नाही. माणसं तयार असतात, दोऱ्या आखलेल्या असतात, रांगेने काम सरकतं. नकाशा बनतो, तारेचं कुंपण होतं, लाल त्रिकोण लागतात. आपण हे सगळं नीट करतो, आणि आपल्या सरकारची भूमिका हीच आहे: सीमा लांब आहे, सुरुंग बचावासाठी हवेत, पण ते कुंपणातले आणि नोंदीतले असतील. सुरुंगांवरचा जो दुसरा करार आहे (१९९६ चा सुधारित दुसरा प्रोटोकॉल) त्यात भारत आहे. आपण सुरुंग निर्यात करत नाही, आणि डिटेक्टरला न सापडणारे बनवत नाही. तेव्हा ‘भारताने सही केली नाही’ एवढंच लिहून थांबू नका.

आता काढण्याचं. वाळू सरकते. नकाशावर सुरुंग जिथे आहे तिथे तो नसतो. दोन पावलं अलीकडे, हातभर खोल, कधी उलटा झालेला. सकाळी लवकर सुरू करायचं, कारण अकरानंतर घामाने डोळ्यांपुढे दिसत नाही. पोटावर झोपून, तिरप्या सळईने, इंच इंच टोचत. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांचा हिशेब त्याच महिन्यांतला आहे. बाकीच्यांबद्दल लिहीत नाही.

कुंपणापलीकडे एकाची बाजरीची जमीन होती. तो रोज येऊन उकिडवा बसायचा. बोलायचा नाही. एक दिवस विचारलं, “साहेब, कुठवर झालं?” मी हात करून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे यंदाही नाही.”

खजिनदारांना सांगा, मी सही करा म्हणणाऱ्यांतला नाही. पण ओटावावाले येडे आहेत असंही म्हणणार नाही. बंदूक मी खाली ठेवू शकतो. सुरुंगाला तह झालेला कळत नाही.

आडवाटेचा | १२ जुलै, सकाळी ९:०२

सर, सलाम. यावर वाद घालत नाही.

खडूस_काकू | १२ जुलै, दुपारी १:१०

डबे झाले, आता बसले.

मुगभाटकर, लांब कुठे पॅरिसला जाता? ७१ साली मी दुसरीत होते, आंग्रेवाडीत. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, भोंगा वाजला की आई चुलीवरचं खाली उतरवून आम्हाला जिन्याखाली बसवायची. शेजारच्या आजोबांनी बिडी पेटवली म्हणून अख्ख्या चाळीने त्यांना शिव्या घातल्या होत्या. बिडी दिसून विमान येणार होतं म्हणे!

आणि त्याआधीचं वडिलांकडून ऐकलेलं. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, वर कापसाच्या गासड्या. वडील तेव्हा शाळकरी, मशीद बंदरला राहायचे. त्यांना आवाजापेक्षा आठवायचा तो पेटलेला कापूस, आकाशातून छपरांवर पडणारा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. तो अपघात होता, हल्ला नव्हता. पण वस्तीशेजारी एवढा दारूगोळा फुटला की काय होतं, ते या शहराला कुणी शिकवायला नको.

शिंपला | १२ जुलै, दुपारी ३:२५

काकूंच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

आणि काकूंनी नकळत आजच्या मोहिमेच्या मुद्द्यावर बोट ठेवलं. सुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब ही ठरावीक शस्त्रं होती, त्यांच्यावर बंदी मागता आली. तोफगोळे, रॉकेट, विमानातले बॉम्ब यांच्यावर बंदी कोण घालणार? म्हणून २०११ मध्ये दुसरी एक आघाडी उभी राहिली (पेणकर, गप्प). आयन्यू तिचं नाव. तिने मागणी वेगळी ठेवली: शस्त्र कुठलंही असो, दाट वस्तीत मोठ्या परिसरावर परिणाम करणारी स्फोटक हत्यारं वापरू नका. वस्तीत अशी हत्यारं वापरली की मरणाऱ्या-जखमी होणाऱ्यांत दहापैकी नऊ जण साधे नागरिक असतात, असं वर्षानुवर्षांच्या मोजणीतून दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनला तसं राजकीय घोषणापत्र झालं, आतापर्यंत ८० हून जास्त देश त्यात आले. भारत नाही, रशिया-चीन नाहीत. अमेरिका आहे.

कायदा म्हणून ते बंधनकारक नाही, हे आधीच कबूल. पण एक बारीक गोष्ट त्यात आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. बॉम्ब पडला तेव्हा किती गेले एवढंच नाही, तर पंप बंद पडून पाणी तुटलं, दवाखान्याची वीज गेली, त्यातून पुढे काय झालं तेही मोजा आणि आखणी करताना धरा, असं ते म्हणतं.

मोजणं हे काही ऑफिसात बसून होत नाही. मार्ला रुझिका नावाची अमेरिकन मुलगी अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये दारोदार फिरून विचारायची: घरात कोण गेलं, कधी, कशाने. ती यादी घेऊन वॉशिंग्टनला जायची आणि खासदारांच्या मागे लागून त्या कुटुंबांसाठी मदतीचा निधी मंजूर करवायची. २००३ मध्ये तिने त्यासाठी संस्था काढली. एप्रिल २००५ मध्ये बगदादच्या रस्त्यावर आत्मघाती हल्ल्यात गेली. २८ वर्षांची होती.

वाचनमात्र | १२ जुलै, दुपारी ३:५०

+१. चार वर्षांत पहिला प्रतिसाद.

दर्यावर्दीण | १२ जुलै, रात्री ९:१५

नवरा जहाजावर सेकंड इंजिनिअर. मी डोंबिवलीला, म्हणजे मुंबईबाहेरची म्हणून हसू नका.

मोहिमांचं काय होतं म्हणता? मला झालेलं सांगते. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर मारा सुरू केला. याचं जहाज तिकडूनच जाणार होतं. खलाशी म्हणजे सैनिक नाहीत हो. डाळ, गाड्या, खत नेणारी माणसं. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तिघे गेले, बाकीच्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं. त्या रात्री मी फोन हातात धरून बसले होते, जहाज दुसरं असूनसुद्धा.

जगभरच्या खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांचा एक एकत्र मंच आहे, आयबीएफ. डिसेंबर २०२३ मध्येच तिथे दबाव आणून हा पट्टा खास धोक्याचा म्हणून जाहीर करून घेतला. त्या करारातल्या जहाजांवर याचा अर्थ: तिथून जाताना मूळ पगाराइतका जादा भत्ता, मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट, आणि मुख्य म्हणजे ‘मी जाणार नाही’ म्हणायचा हक्क. परत घरी पाठवायचा खर्च कंपनीचा.

याने हक्क वापरला. एजंटाने फोनवर गोड आवाजात सांगितलं, “सर, पुढच्या वेळी कॉन्ट्रॅक्टचं बघू हं.” पाच महिने घरी बसला. मग दुसरीकडे लागला. पण बसला तो घरी बसला ना. पाच महिने माझ्या डोक्याशी कटकट केली, प्रत्येक भाजीत मीठ कमी काढलं, ते मी आनंदाने ऐकलं.

युद्ध काही थांबलं नाही. पण कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी एक ओळ लिहून घेतली होती, म्हणून आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला शब्द होता.

आडवाटेचा | १२ जुलै, रात्री ९:४०

ताई, पटलं. पण ही कामगार संघटना झाली. पोटाशी बांधलेला प्रश्न, समोर मालक ठरलेला, संप करायची ताकद. चपला रचणारे आणि तुम्ही यांत फरक आहे. सामान्य नागरिकांचा कुठे मालक असतो ज्याच्याशी करार करायचा?

सुरनळी | १२ जुलै, रात्री ९:५२

फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. भूसुरुंगाच्या मोहिमेत पाय गमावलेले लोक स्वतः परिषदांना यायचे, व्हीलचेअरवरून थेट राजदूतांच्या टेबलापाशी. त्यांच्याही पोटाशीच बांधलेलं होतं, पायाशी म्हणा. आणि मागणी एका वाक्याची होती: हे हत्यार नको, अपवाद नको. ‘युद्ध नको’ म्हणाले असते तर अजून परिसंवादच चालू असते.

वसईचा_नाखवा | १३ जुलै, सकाळी ६:२०

बोट बघून आलो. ताईने लिहिलंय म्हणून मीपण लिहितो.

आमच्या बाजूला युद्ध नसतानाही युद्ध असतं. पाण्यात रेघ दिसत नाही. ओखा, पोरबंदरच्या बोटींवर पालघरचे खलाशी असतात. नोव्हेंबर २०२१ ला पाकिस्तानच्या सागरी सुरक्षावाल्यांनी बोटीवर गोळीबार केला, आमच्या पालघरकडचा एक खलाशी गेला. पकडलेले वर्षानुवर्षं कराचीत सडतात. त्यांचे आपल्याकडे.

तरी एक गोष्ट होते. २००८ च्या कराराप्रमाणे १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, मच्छीमारांची वेगळी. यंदा मे महिन्यात एवढं झालं, तरी १ जुलैला यादी आली. यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे. घरची बाई तेवढ्यावर सहा महिने काढते. सुटकेसाठी मच्छीमारांच्या संघटना आणि दोन्हीकडच्या शांततावाल्यांचा मंच मागे लागलेले असतात. त्यांना इथे लोक देशद्रोही म्हणतात ते मी ऐकलंय. आमच्याकडे कोण म्हणत नाही.

पेणकर | १३ जुलै, सकाळी ८:०५

नाखवा, यावर विनोद सुचत नाही. बोंबील कसे आहेत यंदा?

वसईचा_नाखवा | १३ जुलै, सकाळी ८:३१

मासेमारीची बंदी चालूय भाऊ, ३१ जुलैपर्यंत. बोटीची डागडुजी चाललीय. बोंबलांचं नारळी पुनवेनंतर विचारा.

जायफळ | १३ जुलै, सकाळी १०:१०

थोडं अवांतर. एवढी चर्चा झाली आणि डॉ. कोटणीसांचं नाव कुणी घेतलं नाही? सोलापूरचा माणूस, परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकला, १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतला एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये गेले, ३२ व्या वर्षी. देखाव्यात एखादं पॅनेल त्यांचं ठेवा. समितीला मराठी माणूस दिसला की विरोध निम्मा होतो.

दुसरं पॅनेल जयपूर फुटचं. जमिनीवर मांडी घालता येईल, शेतात अनवाणी चालता येईल असा पाय रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी बनवला, तो अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत गेला. पॅरिसच्या बुटांपेक्षा हे जवळचं नाही का?

आडवाटेचा | १३ जुलै, सकाळी १०:४०

मूळ प्रश्न आठवतोय का कुणाला? गणपती. चपला.

कैरी | १३ जुलै, सकाळी ११:०२

मी विचार केलाय, हसू नका.

चपला बाप्पासमोर नको हे बरोबर. पण चपला मंडपाबाहेर असतातच की! स्टँड असतो. तो स्टँडच देखावा करा. एका बाजूचे सगळे खण आधीच भरून ठेवायचे, पण प्रत्येक खणात एकच चप्पल. डावी किंवा उजवी. लहान मुलाची, बाईची, शेतकऱ्याची, गमबूटसुद्धा. पाटी मोठी नको. माणूस आपल्या चपला ठेवायला जाईल, जागा शोधेल, आणि त्याला दिसेल.

खडूस_काकू | १३ जुलै, सकाळी ११:०९

ही कैरी पिकली गं.

निवृत्त_सॅपर | १३ जुलै, दुपारी १२:१५

एक खण रिकामा ठेवा. त्यावर लाल त्रिकोण, बस. लोक आपोआप तिथे चप्पल ठेवणार नाहीत, बघा. लागला तर त्रिकोण मी करून देतो, माप पाठ आहे.

मुगभाटकर | १६ जुलै, रात्री ११:३०

काल मीटिंग झाली. सगळ्यांचे आभार. खालचं सगळं तुमच्यामुळे.

सेक्रेटरीकाका: “बाहेर ना? मग काय करायचं ते करा.” एका मिनिटात पास. मी उगाच तीन रात्री भाषण पाठ केलं.

खजिनदारांना दर्यावर्दीण ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला (नाव न घेता). ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचा मेव्हणा ८७ साली इराण-इराकच्या वेळी टँकरवर होता. पुढे काही सांगितलं नाही. स्टँडसाठी चार हजार मंजूर झाले. मी तीन मागितले होते.

आत मखर साधंच. भिंतीला काकूंचे काळे कागद, खिडकीच्या आकाराचे, आणि एका कागदाला मुद्दाम फट, त्यातून मूर्तीवर उजेड. ‘मोहिमेने जग बदललं’ ही पाटी नाही, आडवाटेचा निश्चिंत असा. पॅनेल दोनच: जयपूर फुट आणि नाखव्याची १ जुलैची यादी, नावांशिवाय, नुसत्या ओळी.

सर, त्रिकोण हवाच. रविवारी येऊन घेऊन जातो.

अडचण एकच. एकेकट्या चपला मिळत नाहीत. ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या चांभारकाकांकडे गेलो, ते म्हणाले लोक दुरुस्तीला जोडच आणतात, एक कोण आणतो? आतापर्यंत अकरा जमल्यात. साठ लागतील. कुणाकडे असतील तर कळवा, मी येऊन नेईन. चांगल्या जोडातली एक देऊ नका, खरंच एकच उरलेली हवी.

खडूस_काकू | १६ जुलै, रात्री ११:४२

माझी उजवी गेल्या वर्षी एका मंडळाबाहेरूनच गेली, कोणत्या ते सांगत नाही. डावी तेव्हापासून कपाटाखाली आहे. रविवारी सॅपरकडे जाल ना, तेव्हा येताना घेऊन जा. उपमा करते.